वेशीवरचा पहारा

मंडळी, तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी मरीआईचा गाडा पाहिला असेल, निदान ऐकला तरी असेल. गावात पटकी आली की लाकडाचा लहानसा गाडा करायचा, त्यावर देवीला बसवायचे, नैवेद्य ठेवायचा आणि वाजतगाजत तो शिवेबाहेर नेऊन सोडायचा. आपली पीडा टळली! पण ती गेली कुठे? तर शेजारच्या गावाच्या हद्दीत. शेजारचे गावकरी काही कमी नव्हते. ते तो गाडा पुढच्या शिवेपर्यंत नेऊन पोचवीत.

आजची हकिकत माणसांच्या नव्हे, गुराढोरांच्या रोगाची आहे. पण मोठमोठी शहाणी म्हणवणारी राष्ट्रेसुद्धा पुष्कळ काळ असाच गाडा एकमेकांच्या हद्दीत लोटीत होती.

रोगाचे नाव बुळकांडी. जनावराला ताप भरायचा, डोळ्यांनाकांतून पाणी गळायचे, तोंड आतून सोलून निघायचे आणि मग हगवण लागली की आठ-दहा दिवसांत खेळ खलास. गोठ्यात एकाला झाली की दावणच्या दावण मोकळी व्हायची. ज्याच्या घरी पेरणीच्या तोंडावर बैल पडला आहे, त्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

आता शिक्षक बंधूंनी वर्गातला युरोपचा नकाशा काढावा. बाल्टिक समुद्राच्या काठी रेव्हाल नावाचे बंदर सापडेल. आजचे त्याचे नाव टॅलिन. १८६५ च्या मे महिन्यात तिथून गुरांनी भरलेली एक आगबोट इंग्लंडच्या हल बंदरात लागली. त्यातली गुरे आगगाडीने लंडनच्या बाजारात गेली, आणि जूनअखेर लंडनमधल्या गवळ्यांच्या गोठ्यांत गाई पटापट मरू लागल्या. रोग त्याच बोटीतून आला, असे पुढे बहुतेकांनी मानले. पूर्वी गुरे पायी चालत बाजाराला जात. आजारी जनावर वाटेतच कोसळे आणि रोग तिथेच थांबे. आगगाडीने ते अंतर एका रात्रीवर आणून ठेवले. सुधारणेबरोबर रोगालाही वाहन मिळाले म्हणायचे!

असे होणार हे सांगणारा एक माणूस होता, जॉन गॅम्जी नावाचा पशुवैद्य. त्याने दोनच वर्षे आधी, १८६३ साली, हॅम्बुर्गला निरनिराळ्या देशांतल्या पशुवैद्यांची परिषद बोलावली होती आणि बाहेरून येणाऱ्या गुरांबरोबर रोग येईल असा इशाराही दिला होता. पण त्याचे कोण ऐकतो? गुरांचा व्यापार तेजीत होता. शिवाय रोग शिवाशिवीने पसरतो की खराब हवेने, यावरच विद्वानांचा वाद चालू होता. वाद होईतो चर्चमध्ये प्रार्थना झाल्या, गाईंच्या गळ्यात कांद्याच्या माळा बांधून झाल्या. गाई मरतच राहिल्या. चेशर हा दुधातुपाचा परगणा. तिथे तर घरोघर आकांत झाला.

शेवटी फेब्रुवारी १८६६ मध्ये पार्लमेंटने कायदा केला. आजारी जनावर मारून पुरायचे, गुरांची ने-आण बंद ठेवायची आणि मालकाला भरपाई द्यायची. यातली भरपाई ही गोष्ट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. कारण त्याआधी शेतकरी काय करीत होते? जनावर सुस्त दिसले की कुणाला कळायच्या आत बाजारात नेऊन फुंकून टाकीत. त्यांना तरी दोष कसा द्यावा? पोटाला चिमटा बसतो तेव्हा माणूस शेजाऱ्याचा विचार करीत नाही. सरकारने पैसे मोजले तेव्हाच रोग उजेडात आला आणि १८६७ पर्यंत आटोपला. तोवर सुमारे चार लाख गुरे गेली होती. मग १८६९ च्या कायद्याने, रोगाची शंका असलेल्या देशांतून आलेली गुरे बंदरातच कापली जातील, गावात शिरणार नाहीत, असा बंदोबस्त झाला.

म्हणजे इंग्लंडने आपल्या वेशीवर पहारा बसवला. पण पलीकडे काय चालले आहे हे पहारेकऱ्याला सांगणार कोण? गाडा तसाच फिरत होता, आणि पुढच्या फेरीत त्यावर आपलीच गुरे होती.

ब्राझीलच्या पशुपालकांना हिंदुस्थानी गुरांचे मोठे वेड. उन्हाला टिकणारी, गोचिडांना न जुमानणारी, वशिंड असलेली आपली गीर, कांकरेज, ओंगोल जातीची जनावरे ते जहाजे भरून नेत. १९२० साली असाच एक कळप हिंदुस्थानातून ब्राझीलला जाताना बेल्जममधल्या अँटवर्प बंदरात उतरवला गेला. त्यांच्याबरोबर बुळकांडीही उतरली आणि बेल्जमच्या गोठ्यांत शिरली. आपल्याकडची पुष्कळ जनावरे हा रोग अंगावर काढीत. तिकडच्या गाईंना तो नवा, त्या तग धरीनात. युरोपातून हद्दपार झालेला रोग पुन्हा दारात पाहून सगळी सरकारे हादरली. १९२१ मध्ये पॅरिसला परिषद भरली आणि २५ जानेवारी १९२४ रोजी २८ राष्ट्रांनी करार करून जनावरांच्या रोगांसाठी एक आंतरराष्ट्रीय कचेरी स्थापली. तिचे पहिले काम साधे होते: आपल्या घरी रोग आला की लपवायचा नाही, कचेरीला कळवायचे आणि कचेरीने सर्वांना कळवायचे. मरीआईचा गाडा लोटण्याऐवजी शेजारच्या गावाला सांगावा धाडायचा, इतकेच. पण एवढे सुचायला कित्येक वर्षांचा व्यापार आणि लाखो गुरांचे मरण खर्ची पडले.

इथपर्यंतची गोष्ट जिवंत जनावराची झाली. मेलेल्या जनावराचे काय?

२५ ऑक्टोबर १९६७ रोजी इंग्लंडमध्ये ऑस्वेस्ट्रीजवळच्या एका शेतावर लाळ्या खुरकूत निघाला. हा हा म्हणता तो दोन हजारांवर शेतांत गेला, आणि त्याला अडवण्यासाठी सव्वाचार लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. त्या भागात बाहेरदेशचे जिवंत जनावर आलेले नव्हते. मग रोग आला कुठून? चौकशी समितीचा माग आर्जेंटिनातून बर्फात गोठवून आणलेल्या कोकराच्या मांसापाशी जाऊन पोचला.

यातले शास्त्र समजण्यासारखे आहे. दुधाला विरजण लावले की ते आंबते. तसेच जनावर कापल्यावर त्याच्या स्नायूंत आपोआप आम्ल तयार होते, आणि लाळ्या खुरकुताच्या विषाणूला आंबटपणा सोसत नाही. एक-दोन दिवस ठेवलेल्या मांसात तो मरतो. पण हाडाच्या आतला मगज आणि अवधाणाच्या गाठी आंबत नाहीत. तिथे विषाणू दडून बसतो, आणि थंडी तर त्याला मानवतेच. मांस खाणाऱ्या माणसाला काही होत नाही. तो हाड चघळून उकिरड्यावर फेकतो, खरकटे डुकरांच्या पुढे जाते, आणि तिथून सुरुवात होते. यानंतर ब्रिटनने नियम केला: ज्या देशांत हा रोग आहे तिथले गोमांस आणायचे तर हाडे आणि गाठी काढून, आणि मांस आंबू देऊन मगच.

एवढे शिकूनही २००१ साली तिथेच पुन्हा हा रोग भडकला आणि साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली. न उकळलेले खरकटे डुकरांना घातल्याने तो आला, असा तपासाचा कल होता.

आपल्याकडची गोष्टही सांगण्याजोगी आहे. बुळकांडीसारख्या रोगांच्या अभ्यासासाठी सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली निघाली ती आपल्या पुण्यात. रोगाचे जंतू बाळगायचे तर वस्तीपासून लांब असावे म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. १८९८ साली परदेशी जनावरांच्या आयातीचा कायदा झाला. त्यात जनावराबरोबर चारा, शेण, गोठ्यातले अंथरण, झूल आणि लगाम-खोगीर अडवण्याचाही अधिकार होता. लिहिणाऱ्याने खरा गोठा पाहिलेला असावा! मांस, अंडी, दूध मात्र त्या कायद्यात नव्हते. ते २००१ च्या दुरुस्तीने आले.

बुळकांडीचे म्हणाल, तर १९५४ पासून देशभर लस टोचण्याची मोहीम चालली. भारतात शेवटचा रोगी १९९५ मध्ये सापडला, आणि २०११ साली हा रोग साऱ्या पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर असा हा दुसराच.

लाळ्या खुरकूत मात्र अजून आपल्या गोठ्यांत आहे, त्याची लस तुम्ही टोचून घेताच. म्हणून भारतातून म्हशीचे मांस परदेशी जाते ते हाडे काढूनच जाते. हाडासकट पाठवायला आपल्याच सरकारची मनाई आहे. ऑस्वेस्ट्रीच्या त्या उकिरड्यावर जो नियम जन्मला, त्याच्या जातीचाच हा नियम. फरक एवढाच, की या खेपेला वेशीच्या आतल्या बाजूला पहाऱ्यावर आपण उभे आहोत.