सद्धा, नास्तिकता आणि बुद्धवचनाचा अर्थ

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली, मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. महाबोधि सभेच्या मासिकात १९५९ साली त्याचे परीक्षण आले. हा धम्म बुद्धांचा नसून आंबेडकरांचा आहे, अशा आशयाची टीका त्यात होती. पिटकातील वचने गाळली, बदलली व त्यांत स्वमताची भर घातली, हा आक्षेप तेव्हापासून वारंवार घेतला जातो.

त्याला आपल्याकडून साधारणतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले असे की, बाबासाहेबांचा ग्रंथ हाच आमचा धम्मग्रंथ; पिटकाशी आम्हांस कर्तव्य नाही. दुसरे असे की, आम्ही बुद्धिवादी व नास्तिक आहोत. ग्रंथप्रामाण्यच आम्हांस मान्य नाही. या दोन्ही उत्तरांत एक उणीव आहे. पिटक हा शब्दशः स्वीकारावयाचा ग्रंथ आहे, हे आक्षेपकाचे गृहीत दोन्ही उत्तरे न तपासताच मान्य करतात. प्रस्तुत लेखात त्या गृहीताचाच विचार करावयाचा आहे.

पिटकाची स्वतःविषयीची दृष्टी

मज्झिमनिकायातील अलगद्दूपम सुत्तात अरिट्ठ नावाच्या भिक्खूची कथा आहे. तथागतांच्या उपदेशाचा त्याने विपरीत अर्थ लावला आणि तोच खरा म्हणून धरून ठेवला. त्या प्रसंगी तथागतांनी सापाची उपमा दिली. शेपटीकडून धरलेला साप उलटून धरणाऱ्यालाच दंश करतो. वचने पाठ करून अर्थाची परीक्षा न करणाऱ्याची गत तशीच होते. याच सुत्तात धम्माला तराफ्याची उपमा दिली आहे. तराफा पैलतीरी जाण्यासाठी असतो, डोक्यावर वाहून नेण्यासाठी नव्हे.

महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेसांचे महत्त्वही असेच आहे. एखादे वचन प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून, संघाकडून, अनेक थेरांकडून वा एका थेराकडून ऐकले असे कोणी म्हटले, तर ते लगेच स्वीकारू नये आणि लगेच धिक्कारूही नये. सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहावे, असा हा दंडक आहे. कोणी सांगितले यापेक्षा एकूण शिकवणुकीशी ते जुळते की नाही, याला येथे अधिक मोल आहे.

अंगुत्तरनिकायात ‘नीतत्थ’ व ‘नेय्यत्थ’ असा सुत्तांचा भेद केला आहे. ज्यांचा अर्थ स्पष्ट आहे ती नीतत्थ. ज्यांचा अर्थ लावून घ्यावा लागतो ती नेय्यत्थ. एकीला दुसरी समजणे हा तथागतांवर मिथ्या आरोप होय, असे तेथे म्हटले आहे. अट्ठकथाकारांनी दिलेले उदाहरण उद्‌बोधक आहे : ज्या सुत्तांत ‘पुग्गल’ अर्थात व्यक्ती आहे असा उल्लेख येतो ती नेय्यत्थ, अनिच्च, दुक्ख, अनत्त सांगणारी सुत्ते नीतत्थ. हा भेद निव्वळ पांडित्याचा नव्हता. परंपरेनुसार पाटलिपुत्राच्या तिसऱ्या संगीतीत मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी रचलेल्या कथावत्थूतील पहिलाच वाद पुग्गलवाद्यांशी आहे. पुग्गलवादीही सुत्तांचेच आधार देत होते. ‘पुग्गल’ हा शब्द अक्षरशः घेतला, तर अनत्तवादाच्या घरात आत्मा मागील दाराने प्रवेश करतो. केवळ शब्दनिष्ठेने धम्माचे रक्षण होत नाही, हे त्या काळीच कळून चुकले होते.

सद्धा म्हणजे काय?

केसपुत्त निगमातील कालामांना केलेला उपदेश आपल्या सभांतून नेहमी सांगितला जातो. परंतु तो बहुधा अर्धाच सांगितला जातो. अनुश्रव, परंपरा व पिटकात आहे एवढे कारण पुरेसे मानू नये, असे त्यात आहेच. मात्र त्याच यादीत तर्क आणि स्वतःच्या मताला पटणे यांचाही समावेश आहे. म्हणजे ग्रंथाची अंधभक्ती जशी नाकारली, तसा स्वबुद्धीचा अहंकारही नाकारला. मग कसोटी कोणती? लोभ, द्वेष व मोह यांतून केलेले कर्म अहितास कारण होते काय, विज्ञ जन त्याची निंदा करतात काय, हे स्वतः जाणून घ्यावे. ही कसोटी आचरणाची व परिणामाची आहे.

चंकी सुत्त आणखी पुढे जाते. सद्धेने मानलेली गोष्ट खोटी निघू शकते आणि न मानलेली खरी असू शकते, असे तेथे सांगितले आहे. म्हणून सत्याचे रक्षण करू इच्छिणाऱ्याने ‘अशी माझी सद्धा आहे’ एवढेच म्हणावे. ‘हेच सत्य, बाकी सर्व मिथ्या’ असा निष्कर्ष काढू नये. वीमंसक सुत्तात तर प्रत्यक्ष तथागतांचीच परीक्षा करण्यास सांगितले आहे. अशा परीक्षेनंतर दृढ होणारी सद्धा ‘आकारवती’, म्हणजे कारणांनी युक्त, मानली आहे. बौद्धांची सद्धा ही परीक्षेपूर्वीची शरणागती नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

‘नास्तिक’ शब्दाचे दोन अर्थ

आता नास्तिकतेचा प्रश्न. मनुस्मृतीने वेदनिंदकाला नास्तिक म्हटले. या अर्थाने बौद्ध नास्तिक आहेत, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. ईश्वर नाकारणारा या अर्थानेही तो शब्द आपण स्वीकारू शकतो. परंतु पालि वाङ्मयातील ‘नत्थिकवाद’ वेगळा आहे. दीघनिकायाच्या सामञ्ञफल सुत्तात तो अजित केसकंबलाच्या मुखी येतो : दानाला अर्थ नाही, सत्कर्म-दुष्कर्माला फळ नाही, माता नाही, पिता नाही. नीतीचा पायाच नाकारणाऱ्या या मताला तथागतांनी मिथ्यादृष्टी मानले.

अंगुत्तरनिकायाच्या तित्थायतन सुत्तात तीन मते एकत्र तपासली आहेत : सर्व सुखदुःख पूर्वकर्मामुळे होते, ईश्वरनिर्मितीमुळे होते, किंवा विनाकारण होते. तिन्हींवर आक्षेप एकच आहे. तिन्ही मते माणसाला अकर्मण्य करतात. हत्या करणाऱ्याची जबाबदारीही मग त्याची उरत नाही. ईश्वरवाद व पूर्वकर्मवाद यांना पिटकाने एकाच पंक्तीत बसविले, हे अस्पृश्यतेला गतजन्मीच्या पापाचे फळ म्हणणाऱ्या समाजात जन्मलेल्या वाचकाने विसरू नये.

कोसंबी आणि बाबासाहेब

अर्वाचीन काळात महाराष्ट्रात या परीक्षक दृष्टीचा प्रारंभ धर्मानंद कोसंबींनी केला. १९४० साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी गृहत्यागाच्या प्रसिद्ध कथेची छाननी केली. वृद्ध, रोगी, प्रेत व परिव्राजक या चार दर्शनांची कथा दीघनिकायाच्या महापदान सुत्तात आहे. पण ती विपस्सी बुद्धांसंबंधी आहे. गोतमांच्या स्वमुखाने आलेल्या अरियपरियेसन सुत्तात रात्रीचे गुप्त पलायन नाही. आईवडील रडत असता त्यांनी गृहत्याग केला, असे आहे. सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्तात शस्त्रधारणेतून उपजलेल्या भयाचा उल्लेख आहे.

बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत चार प्रश्न उपस्थित केले; त्यांतील पहिला परिव्रज्येचाच होता. शाक्य-कोलीयांच्या पाणीतंट्यातून त्यांनी गृहत्यागाची संगती लावली. पुढे बुद्धवचन ओळखण्याच्या कसोट्याही दिल्या : जे बुद्धिसंगत आहे, जे मानवी कल्याणाशी संबंधित आहे, आणि तथागतांनी जे निश्चित म्हणून सांगितले, अनिश्चित म्हणून नव्हे. विपरीत कथन कसे घडते हे दाखविण्यासाठी त्यांनी पाच सुत्ते निवडली, आणि त्यांतील पहिले अलगद्दूपम होते! पिटकाची परीक्षा त्यांनी पिटकाच्याच आधाराने केली. त्यांचा प्रत्येक निष्कर्ष मान्य करावा असे नाही. परंतु त्यांची पद्धती परकी नाही.

आपली जबाबदारी

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुनर्जन्म व परलोक यांचे उल्लेख निकायांत विपुल आहेत. सम्यक् दृष्टीच्या रूढ वर्णनात परलोकाचा स्वीकारही येतो. ते सर्व प्रक्षिप्त म्हणून झटकून टाकणे सोपे असले तरी विद्येला शोभणारे नाही. बाबासाहेबांनीही तो विषय टाळला नाही. अनत्तवादाशी विसंगत होणार नाही अशा रीतीने त्यांनी त्याचा अर्थ लावला. कालाम सुत्ताच्या अखेरीस निर्वैर चित्ताच्या अरियसावकाला चार आश्वासने आहेत. परलोक असेल तर त्याची सद्‌गती होईल. नसेल तरी या जन्मी तो निर्वैर व सुखी राहील. नीतीला परलोकाच्या सिद्धतेवर अवलंबून ठेवण्याची गरज भासली नाही, हे येथे महत्त्वाचे आहे.

हीच कसोटी आपल्या ग्रंथवाचनालाही लागू होते. वर्षावासात विहाराविहारांतून बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन होते, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु शंका विचारणाऱ्या तरुणाला ‘ग्रंथात लिहिले आहे’ एवढेच उत्तर मिळत असेल, तर ग्रंथ बदलला, वृत्ती मात्र जुनीच राहिली, असे म्हणावे लागेल. आणि ‘आम्ही काहीच मानत नाही’ एवढ्यावर जो थांबतो, त्याच्या हाती पंचशीलाचे कारणही उरत नाही. पालि शिकावी, मूळ सुत्त उघडावे, बाबासाहेबांचा अर्थ त्याशेजारी ठेवावा आणि निर्भयपणे विचार करावा. १९५९ च्या आक्षेपाला याहून योग्य उत्तर नाही.