रोन (घोड्याचा रंग)

रोन : घोड्याच्या अंगावर मूळ रंगाचे आणि पांढरे केस सरमिसळ उगवल्याने दिसणारी रंगछटा. ही सरमिसळ मान, धड व मांड्यांवर असते. डोके, आयाळ, शेपूट आणि पायांचा खालचा भाग मूळ रंगाचाच राहतो. त्वचा गडद असते.

प्रकार : मूळ रंगावरून तीन मुख्य प्रकार पडतात. काळ्या घोड्याचे अंग निळसर राखी दिसते. तो ब्लू रोन. बे रोनचे अंग तांबूस, तर आयाळ, शेपूट व पाय काळे असतात. चेस्टनट घोड्याच्या अंगावर गुलाबी झाक येते आणि आयाळ-शेपूट तांबडीच राहते. तो रेड किंवा स्ट्रॉबेरी रोन. पॅलोमिनोसारख्या फिक्या रंगांवरही रोन आढळतो.

ओळख : शिंगरू जन्मतः रोन असते किंवा पहिली लव झडल्यावर तसे दिसू लागते. ऋतूनुसार छटा कमी-अधिक गडद होते. त्वचेला जखम झाल्यास तेथे पांढरे केस न येता निव्वळ मूळ रंगाचे येतात. त्यामुळे वयस्क रोनच्या अंगावर गडद ठिपके व ओरखडे दिसतात.

आनुवंशिकता : हा गुण प्रभावी असल्याने जनुकाची एक प्रत पुरते, म्हणून रोन शिंगराच्या आई-बापांपैकी एक तरी सहसा रोन असतो. १९९९ मध्ये त्याचा संबंध तिसऱ्या गुणसूत्रावरील ‘किट’ जनुकाशी जोडला गेला. दोन प्रती मिळालेला गर्भ जगत नाही, असे अनुमान बेल्जियन घोड्यांच्या नोंदींवरून १९७९ मध्ये मांडले गेले होते. पुढे दोन प्रती असलेले निरोगी घोडे सापडल्याने ते सरसकट लागू पडत नाही.

साधर्म्य असलेले रंग : ग्रे घोडा वयानुसार पांढरा होत जातो आणि त्याचे डोकेही उजळते, रोन तसा पालटत नाही. रॅबिकानोत पांढरे केस मुख्यतः कुशीत व शेपटीच्या बुडाशी असतात. वार्निश रोन हा ठिपकेदार ॲपलूसा घोड्यांतील वेगळ्याच जनुकाचा परिणाम असून त्यात चेहऱ्याची व इतर हाडे उठून दिसणारे भाग गडद राहतात.

जाती : ब्राबान्सो, आर्डेन, नोरिकर, वेल्श पोनी व क्वार्टर हॉर्स या जातींत रोन आढळतो. अरबी घोड्यांत ‘रोन’ म्हटले जाणारे बहुधा रॅबिकानो असतात, तर अमेरिकी थरोब्रेडच्या नोंदवहीत ग्रे व रोन एकाच वर्गात असले तरी त्यांतील बहुतेक घोडे प्रत्यक्षात ग्रे असतात.