पंचवीस मीटरचा लांब पल्ला

कोणत्याही बंदुकीचा आराखडा गोळी जिथे थांबणार तिथून मागे येत आखावा लागतो. आधी जनावर, मग त्याच्या अंगात काय घडायला हवे ते, मग तिथे पोहोचताना किती वेग उरायला हवा ते. नळी, दाब आणि दस्ता यांचा विचार त्यानंतर, आणि सर्वांत शेवटी ती बंदूक खांद्यावर वागवणाऱ्या माणसाचा. उत्तर अमेरिकेच्या उघड्या गवताळ प्रदेशात प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्याच्या शिकारीसाठी हलकी, लांब पल्ल्याची रायफल बनवणारे कारागीर याच क्रमाने जातात. मीरा-भाईंदरमध्ये हाच क्रम वेगळ्या जनावरासाठी आणि नेमक्या उलट हेतूने लावावा लागतो. इथले जनावर बिबट्या, आणि बंदूक भुलीची.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१च्या दुरुस्तीने आपल्याकडची हौशी शिकार संपली. त्या कायद्याच्या व्याख्येत जनावर पकडणे हीसुद्धा शिकारच आहे. बिबट्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे त्याच्यावर भुलीची सुई सोडायलाही मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. २००२च्या दुरुस्तीने आणखी एक अट घातली: जनावर पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नाही अशी खात्री पटल्याखेरीज त्याला मारण्याचा आदेश देता येत नाही. म्हणजे भुलीची बंदूक हा दयाळूपणाने निवडलेला पर्याय नसून कायद्याने पुढे केलेले साधन आहे. ते साधन नीट चालले नाही, तर पुढचा मार्ग बिबट्याच्या मरणाकडे जातो. म्हणून त्याच्या गणिताकडे बारकाईने पाहिले पाहिजे.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. त्याची उत्तरेकडची कड मीरा-भाईंदरमधल्या काशिमीरा, चेणे आणि घोडबंदरच्या वस्तीला भिडते. २०१५च्या कॅमेरा सापळ्यांच्या पाहणीत उद्यान आणि आसपासच्या भागात ३५ बिबटे नोंदले गेले होते. डिसेंबर २०२५मध्ये भाईंदर पूर्वेच्या दाट वस्तीत एका रहिवासी इमारतीत बिबट्या शिरला, काही माणसे जखमी झाली, आणि अखेर त्याला भूल देऊन बाहेर काढावे लागले. अशा घटनेनंतर ‘वनखात्याला लांब पल्ल्याच्या बंदुका द्या’ अशी मागणी हमखास होते. ती मागणी का चुकीची आहे हे कळण्यासाठी दोन्ही बंदुका शेजारी ठेवून पाहू.

वजनात प्राँगहॉर्न आणि बिबट्या जवळपास सारखेच, साधारण ४० ते ६० किलोचे. पण प्राँगहॉर्न माळावर उभा असतो, त्याची नजर तीक्ष्ण असते आणि तो ताशी ८० किलोमीटरच्या वर धावू शकतो. त्याच्या जवळ जाता येत नाही, म्हणून नेम दोनशे-तीनशे मीटरवरून घ्यावा लागतो. दिवसभर पायी हिंडायचे असल्याने रायफल हलकी हवी. या कामाच्या एखाद्या नेहमीच्या काडतुसातून ९ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने निघते. तिची ऊर्जा ३००० ज्यूलच्या घरात जाते. गोळी हृदय-फुफ्फुसाच्या जागी शिरावी आणि जनावर तिथेच कोसळावे, एवढाच तिचा हेतू असतो.

भुलीची सुई, म्हणजे डार्ट, ही हवेत उडणारी सिरिंज आहे. पुढच्या कप्प्यात औषध, मागच्या कप्प्यात दाबाखालची हवा आणि दोन्हींच्या मध्ये दट्ट्या. सुईचे टोक बंद असते. औषध बाहेर पडण्याचे भोक तिच्या बाजूला असते आणि त्यावर सिलिकॉनची बारीक नळी चढवलेली असते. सुई कातडीत शिरताच ती नळी मागे सरकते, भोक उघडते, हवा दट्ट्या ढकलते आणि क्षणभरात औषध स्नायूत उतरते. सिरिंज आणि भुलीची बंदूक या दोन्ही क्षेत्रांत न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डॉक यांचे नाव घेतले जाते. औषधविक्रेते आणि पशुवैद्यक असलेल्या मर्डॉक यांनी गेल्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकात एकदाच वापरून टाकायच्या सिरिंजचेही काम केले, आणि ही दोन कामे एकाच डोक्यातून निघावीत हे मला अगदी स्वाभाविक वाटते. भुलीची बंदूक मुळात वैद्याचे हत्यार आहे.

आता ऊर्जा पाहू. औषधासह १२ ग्रॅमचा डार्ट सेकंदाला ६० मीटर वेगाने गेला, तर त्याची ऊर्जा साधारण २२ ज्यूल होते. रायफलच्या गोळीच्या ती शंभराव्या हिश्शाहूनही कमी आहे, आणि तरीही जास्त ठरू शकते. सुई आत गेल्यावर डार्टचे बोथट अंग कातडीवर आदळून थांबायला हवे. वेग जादा झाला की खाली रक्त साकळते, हाडाला चीर जाते, किंवा आखूड अंतरावर सगळा डार्टच मांसात घुसतो. म्हणून नेमाची जागाही उलटी. शिकारी खांद्यामागच्या ज्या जागेवर डोळा ठेवतो, ती जागा इथे पूर्णपणे वर्ज्य. डोके, मान, छाती, पोट, कणा हे सगळे टाळून मागच्या फऱ्याचा किंवा खांद्याचा जाड स्नायू शोधावा लागतो. बिबट्याच्या अंगावर अशी जागा फार मोठी नसते.

डार्टला इतका कमी वेग हवा असल्यामुळे बंदुकीची सारी घडणच बदलते. रायफलच्या नळीत दारूचा दाब हवेच्या दाबाच्या काही हजार पट चढतो. त्यामुळे कप्पा आणि खटका पोलादाचे ठेवावेच लागतात. वजन उतरवायचे तर नळी बारीक करणे, तिच्यावर पन्हाळी कोरणे, दस्ता कार्बन तंतूंचा करणे, खटक्याच्या खोक्याला टायटॅनियम वापरणे, एवढेच हाती राहते. शिवाय रायफल जितकी हलकी तितका तिचा धक्का जोराचा. साडेचार किलोऐवजी तीन किलोची रायफल घेतली, तर त्याच काडतुसाच्या धक्क्याची ऊर्जा दीडपट होते, आणि नेमबाज चाप ओढण्याआधीच खांदा आकसून घेऊ लागतो. हलकेपणा तिथे फुकट मिळत नाही.

डार्टच्या बंदुकीत हा तिढाच नाही. ११ मिलिमीटर व्यासाच्या नळीचा छेद सुमारे ०.९५ चौरस सेंटिमीटर असतो. त्यामागे फक्त ५ बार दाब धरला आणि नळी ६० सेंटिमीटर लांब असली, तर डार्टवर जास्तीत जास्त २८ ज्यूल कार्य घडते. घर्षण आणि गळती वजा केली तरी आपल्याला हव्या त्या २२ ज्यूलच्या आसपास पोहोचता येते. एवढ्या दाबाला दारू लागत नाही, कार्बन डायऑक्साइडची लहान नळकांडी पुरते. धक्का नगण्य असतो. डार्टला मिळणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३०० पट असतो, तर रायफलच्या गोळीला ५०,००० पटींहून जास्त. प्लास्टिकची, आत दाब भरलेली सिरिंज तो दुसरा हिसका सोसू शकणार नाही. ती फुटेल, किंवा सुईवरची नळी सरकून औषध बंदुकीच्या नळीतच सांडेल. लांब पल्ल्याच्या मागणीत हा साधा अडसर विसरला जातो. दारूच्या काडतुसावर चालणाऱ्या भुलीच्या बंदुकाही आहेत, पण त्यांना धातूचे जड डार्ट लागतात आणि आदळण्याचा धोका त्याच प्रमाणात वाढतो. चाळीस-पन्नास किलोच्या बिबट्यासाठी मी त्यांची शिफारस करणार नाही.

मुंबईच्या उकाड्यात वायूच्या दाबाकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसच्या वर द्रव राहूच शकत नाही, आणि काशिमीऱ्याची दुपार तो आकडा सहज ओलांडते. उन्हात ठेवलेल्या आणि सावलीतल्या नळकांडीतला दाब सारखा नसतो. म्हणून चांगल्या बंदुकीत नळकांडीतला वायू थेट डार्टमागे सोडत नाहीत. झडपेतून तो आधी वेगळ्या कप्प्यात घेतात आणि दाबमापीवर आकडा पाहून अंतरानुसार कमीजास्त करतात. रायफलमध्ये काडतूस ठरले की वेग ठरला. इथे वेग दर वेळी माणसाने ठरवायचा असतो, आणि बंदुकीचा सर्वांत मोलाचा भाग ती दाबमापीच आहे.

खरी अडचण आहे उड्डाणाच्या काळाची. तीनशे मीटरवर पोहोचायला रायफलच्या गोळीला साधारण ०.४ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ती नळीच्या रेषेपासून जवळजवळ ८० सेंटिमीटर खाली येते. सेकंदाला ६० मीटर वेगाचा डार्ट २५ मीटर जायला तितकाच वेळ घेतो आणि तितकाच खाली येतो. गुरुत्वाकर्षणाला मीटर कळत नाहीत, त्याला फक्त वेळ कळतो. तेव्हा नेमबाजीच्या दृष्टीने चेण्याच्या एखाद्या बागेत २५ मीटरवर बसलेला बिबट्या आणि वायोमिंगच्या माळावर ३०० मीटरवर उभा प्राँगहॉर्न सारख्याच अंतरावर आहेत. भुलीची बंदूक लांब पल्ल्याचीच आहे. तिचा लांब पल्ला २५ मीटरला सुरू होतो, इतकेच.

काही बाबतींत ती रायफलहून अवघडच आहे. नेम २५ मीटरला बसवला आणि बिबट्या प्रत्यक्षात २० मीटरवर असला, तर डार्ट साधारण १४ सेंटिमीटर वर लागेल. तो ३० मीटरवर असला तर सुमारे २१ सेंटिमीटर खाली. फऱ्याऐवजी कणा किंवा पोट गाठायला एवढी चूक पुरते. तीनशे मीटरवरच्या रायफलला अंतराची पाच मीटरची चूक सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचाच फरक पाडते. संध्याकाळच्या अंधुक उजेडात, झुडपाआडच्या जनावराचे अंतर डोळ्याने पाच मीटरच्या आत सांगणे अनुभवी माणसालाही कठीण. त्यामुळे लेझरचा अंतरमापक ही चैन मानता येणार नाही. एका पथकाला एकच उपकरण घेण्याइतका पैसा असेल, तर महागड्या दुर्बिणीआधी अंतरमापक घ्यावा. शिवाय त्या ०.४ सेकंदात बिबट्या उठू शकतो, वळू शकतो. म्हणून तो बसलेला किंवा पहुडलेला असेपर्यंत थांबणे हा आराखड्याचाच भाग ठरतो.

डार्टचे वजन कमी करण्याचा मार्ग धातुकामातून जात नाही, तो औषधाच्या तीव्रतेतून जातो. बिबट्यासाठी सहसा झायलाझिन आणि केटामाइनची जोडी वापरतात. झायलाझिनची कोरडी पूड पाण्याऐवजी केटामाइनच्याच द्रावणात विरघळवली, की थोड्या घनफळात पुरेशी मात्रा बसते. म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयाच्या नावाने हे मिश्रण ओळखले जाते. पाच मिलिलिटरचे काम तीनमध्ये झाले, की डार्ट आखूड आणि हलका होतो, त्याच वेगाला कमी आदळतो आणि कमी दाबाने सुटतो. हत्ती किंवा गव्यासाठी वापरले जाणारे एटॉर्फिन याहून कितीतरी कमी घनफळात काम करते, पण ते मांजरकुळासाठी नाही.

इमारतीत शिरलेल्या बिबट्याच्या बाबतीत सारे प्रश्न पलटतात. जिना, स्वयंपाकघर, न्हाणीघर. अंतर तीन-चार मीटर. इथे डार्ट खाली येण्याचा प्रश्नच उरत नाही, आदळण्याचा मात्र पुरेपूर असतो. दाब अगदी तळाला आणावा लागतो, किंवा बंदूक बाजूला ठेवून फुंकनळी घ्यावी लागते. दहा मीटरच्या आत फुंकनळीसारखे सौम्य आणि बिनआवाजी साधन नाही. दाराच्या फटीतून किंवा खिडकीच्या गजांतून ती आत घालता येते. अशा वेळी लांब नळीची, दुर्बीण लावलेली बंदूक अडचणच करते, कारण दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसलेली असते आणि दोन मीटरवर तेवढाच फरक नेमात पडतो.

डार्ट लागला म्हणजे काम झाले, असेही नाही. औषध चढायला पाच ते पंधरा मिनिटे लागतात. बिथरलेल्या, धावून दमलेल्या जनावरावर तीच मात्रा उशिरा किंवा अपुरी चढते, आणि शेकडो बघे, मोबाईलचे दिवे, आरडाओरडा हे सगळे ती वेळ लांबवत असतात. भूल चढल्यावर बिबट्याला शरीराचे तापमान सांभाळता येत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात त्याला तातडीने सावलीत नेऊन पाण्याने थंड करावे लागते, उघड्या राहिलेल्या डोळ्यांत मलम घालून ते झाकावे लागतात. योहिम्बिन दिल्यावर झायलाझिनचा अंमल उतरतो, पण केटामाइनचा उतरत नाही. तो ओसरेपर्यंत पशुवैद्यकाला थांबावेच लागते, गर्दी कितीही घाई करो.

शिवाय भूल दिलेला बिबट्या न्यायचा कुठे? जुन्नर परिसरात विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासात पकडून दूर सोडलेल्या बिबट्यांमुळे सोडलेल्या जागेच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढल्याचे दिसले. २०११पासून उद्यानाचे तत्कालीन संचालक सुनील लिमये आणि अत्रेय यांनी ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या उपक्रमातून हेच लोकांना समजावले: बिबट्या नुसता दिसला म्हणून पकडायचा नसतो. भुलीच्या बंदुकीचा वापर जितका विरळा, तितका तो बिनचूक होण्याची शक्यता जास्त, कारण मग प्रत्येक वेळी तयारीला वेळ मिळतो.

या तयारीत नव्या बंदुकीपेक्षा तीन गोष्टी आधी याव्यात. पहिली, सरावासाठी पाणी भरलेले डार्ट. पाच ते तीस मीटरपर्यंत मोजून ठेवलेल्या अंतरांवर ते सोडून प्रत्येक बंदुकीचा दाब आणि अंतर यांचा स्वतंत्र तक्ता करावा, कारण एकाच कारखान्याच्या दोन बंदुकाही सारख्या चालत नाहीत. तो तक्ता उन्हाळ्यात आणि थंडीत, दोन्ही वेळा तपासावा. दुसरी, फुंकनळीचा सराव, तोही अरुंद जागेत आणि दाराआडून. तिसरी वनखात्याच्या हातात नाही, ती पालिकेच्या आणि पोलिसांच्या हातात आहे. बिबट्या आल्याची खबर मिळाल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात गल्ली रिकामी करणे, दोन्ही टोकांना दोर बांधणे, गच्च्यांवरची माणसे खाली उतरवणे आणि रुग्णवाहिका उभी ठेवणे, याची रंगीत तालीम काशिमीरा, चेणे आणि घोडबंदरच्या प्रत्येक प्रभागात वर्षातून एकदा तरी झाली पाहिजे.