वरळीकडे तोंड

आमच्या मुलुंडच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला लागून, एक गंजलेला लोखंडी खांब अजून उभा आहे. हल्ली त्याचा उपयोग दिवाळीत आकाशकंदील टांगण्यापुरताच. गेल्या वर्षी कंदील बांधताना नातवाने विचारले, "आजोबा, हा खांब कशाचा हो?"

मी म्हटले, "टेलिव्हिजनचा. आणि तुझे विमान परवा का पडले, त्याचे उत्तरही याच्यापाशीच आहे."

हे विमान म्हणजे त्याने स्वतः जोडलेले चार पंख्यांचे ड्रोन. मुंबईत विमानतळाचे निर्बंध आणि पोलिसांचे मनाई हुकूम, म्हणून ते उडवायला आम्ही मुरबाडच्या बाजूला ओळखीच्यांच्या माळावर जातो. ड्रोनच्या नाकावर कॅमेरा असतो आणि त्याचे चित्र उडवणाराच्या डोळ्यांवरील चष्म्यात दिसते. त्या दिवशी ते आंब्याच्या रांगेपलीकडे गेले, वळले, आणि चित्रात एकदम मुंग्या आल्या. पुढे दोन तास आम्ही कापणी झालेल्या भाताच्या खाचरातून त्याचे तुकडे वेचत होतो. पोराचे निदान तयार होते : ताकद कमी पडली, जास्त वॅटचे यंत्र घ्यायला हवे. दिवाळीच्या खाऊचे पैसेही त्याने मनातल्या मनात तिकडे वळते केले होते.

आता पोराला काय हसायचे! शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या सरकारांचे निदान हेच होते. बिनतारी संदेश दूर न्यायचा तर लाटा कित्येक किलोमीटर लांबीच्या हव्यात, यंत्रे शेकडो किलोवॅटची हवीत आणि मनोरे गगनाला भिडणारे हवेत, अशी त्या काळच्या जाणत्यांची समजूत होती. मार्कोनी आणि त्याचा सहकारी फ्रँकलिन यांनी ती मोडली. त्यांनी आखूड लाटा घेतल्या, पडद्यासारख्या ओळीने तारा टांगल्या, मागे तसाच दुसरा पडदा आरशासारखा धरला आणि सारी शक्ती एकाच दिशेने लोटली. १९२४ साली इंग्लंडच्या टपालखात्याने करार केला आणि १९२७ साली आपल्याकडे हे 'बीम' केंद्र सुरू झाले. कुठे? खडकी आणि दौंड! खडकीहून बोलायचे आणि सुमारे पंच्याहत्तर किलोमीटरवरच्या दौंडला ऐकायचे. कारण कानाशी ढोल वाजत असता दूरची बासरी कशी ऐकू येणार?

१८७० साली मुंबई समुद्रातल्या तारेने इंग्लंडला जोडली गेली होती. त्या तारांच्या मालक कंपन्यांचा दरारा केवढा! पण बीमच्या स्वस्ताईपुढे त्यांचे धाबे दणाणले आणि दोनच वर्षांत, १९२९ मध्ये, बिनतारी आणि समुद्रतारा यांचा संसार एकत्र करावा लागला. आपल्याकडील कारभार १ जानेवारी १९४७ रोजी सरकारने हाती घेतला. त्यातून झालेल्या ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसमध्ये माझे वडील कारकून होते. ते इंजिनियर नव्हते, पण दौंडची वारी केल्यामुळे आपल्याला सारे कळते असा त्यांचा समज होता, आणि खरे सांगायचे तर बरेच कळतही होते. ते म्हणत, "आकाशकंदील चहूकडे उजळतो, म्हणून चार घरांपलीकडे त्याचा उजेड नाही. तोच दिवा मोटारीच्या आरशात बसवा!"

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन सुरू झाले आणि वडिलांच्या विद्येला गच्ची मिळाली. वरळीहून कार्यक्रम निघत. त्यामुळे अंधेरी, बोरिवलीच्या गच्च्या दक्षिणेला तोंड करून बसल्या, तर घाटकोपर, मुलुंडच्या नैर्ऋत्येला. नवख्या माणसाला दिशा विचारायची गरज नसे. वर अॅल्युमिनियमच्या पुरुषभर लांबीच्या नळ्या, त्यांवर कावळे, आणि संक्रांतीनंतर फाटके पतंग!

या नळ्यांची गोष्ट मजेची आहे. जपानातल्या सेंदाई येथील उदा आणि यागी या दोघा संशोधकांनी १९२६ साली ही रचना मांडली. तार जोडायची एकाच नळीला. तिच्या मागे थोडी लांब नळी आरसा होते आणि पुढच्या आखूड नळ्या लाटेला बोट धरून पुढे नेतात. जपानात कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९४२ मध्ये सिंगापूर पडले तेव्हा ब्रिटिशांच्या रडारविषयीची एक टिपणवही जपान्यांच्या हाती लागली. तीत 'यागी' हा शब्द पुनःपुन्हा येई. हा काय प्रकार, म्हणून त्यांनी युद्धकैद्याला विचारले. हे तुमच्याच एका प्राध्यापकाचे नाव आहे, हे त्याच्याकडून ऐकून त्यांची काय अवस्था झाली असेल!

आमचे यागी वडील गच्चीवर फिरवीत, मी जिन्यात आणि आई दाराशी. "आले का?" "मुंग्या!" "आता?" "एका बाईच्या दोन बाया दिसताहेत!" मध्ये पवई-विक्रोळीच्या टेकड्या, लाट त्यांवर किंवा एखाद्या उंच इमारतीवर आपटून उशिरा आली की पडद्यावर भुते उभी राहत. एका छायागीताच्या दिवशी शेजाऱ्यांनी बूस्टर नावाची पेटी आणली. मुंग्याही मोठ्या झाल्या! वडिलांनी मात्र खांब चार फूट उंच केला, नळ्या बोटभर वळवल्या आणि चित्र आले. तोच हा खांब.

नातवाला मी एवढेच गणित सांगितले. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट करायचे तर ताकद चौपट लागते, तिप्पट करायचे तर नऊपट. एवढी वीज ती चिमुकली बॅटरी कुठून आणणार? मग त्याचा अँटेना पाहिला. साधी उभी काडी. तिच्या लाटा मेदुवड्यासारख्या पसरतात, काडी भोकातून गेलेली. म्हणजे काडीच्या टोकाच्या दिशेने जवळजवळ काहीच जात नाही, आणि हा पठ्ठ्या तेच टोक बंदुकीसारखे विमानावर रोखून बसला होता! शिवाय वळताना विमान कलते, त्यावरची काडी आडवी होते. इथली उभी, तिथली आडवी, की उरलासुरला संदेशही गळतो. गच्चीवरच्या नळ्या वरळीच्या लाटांसारख्याच आडव्या ठेवत, त्याचे कारण हेच.

यावर उपाय म्हणजे लाटच फिरकीसारखी वळत जाणारी पाठवायची. अमेरिकेत जॉन क्राउस यांनी १९४६ साली तारेच्या गुंडाळीतून अशी लाट काढली. हे जमणार नाही, मी करून पाहिले आहे, असे एका तज्ज्ञाने सांगितल्यावरही त्यांनी घरी जाऊन ती गुंडाळली. ड्रोनच्या चित्राची लाट जेमतेम पाच सेंटिमीटरची, त्यामुळे नातवाचे नवे अँटेने म्हणजे तारेची चार पाकळ्यांची फुले, साबुदाणावड्याएवढी. ती दोन्ही एकाच फिरकीची हवीत. एक उजव्या सोंडेचा गणपती आणि एक डाव्या, असे चालत नाही. जमिनीवरच्या यंत्राला त्याने दुसरा, एका दिशेचा अँटेनाही जोडला. पण विमान काही वरळीसारखे जागेवर बसत नाही. ते पाठीमागे गेले की दिशेचा अँटेना आंधळा, म्हणून फूलही हवेच. जो चांगले ऐकेल त्याचे यंत्र मानते. वॅट तेवढेच राहिले. खाऊचे पैसे मोडक्या पंख्यांवर गेले.

यंदा भात कापून झाल्यावर आम्ही पुन्हा माळावर गेलो. नातू चष्मा लावून बसलेला, मी अँटेना विमानाकडे फिरवीत उभा. विमान आंब्याच्या रांगेपलीकडे जाऊन वळले.

"मुंग्या?" मी ओरडलो.

"थोडे डावीकडे, आजोबा!"