पाँडिचेरी आणि कडलूर

पूर्व किनाऱ्यावर चेन्नईच्या दक्षिणेस पाँडिचेरी व कडलूर हीं दोन शहरें एकमेकांपासून अवघ्या सातआठ कोसांवर आहेत. प्रवासी पहिल्यांत चार दिवस रमतो. दुसरें तो गाडीच्या खिडकींतून पाहतो. पाठीवर पडशी टाकून हिंडण्याची हौस या वयांतहि न सुटल्यामुळें आम्ही दोन्ही शहरें पायीं पाहिलीं. पाँडिचेरीस समुद्रालगतचे सरळ रस्ते, पिवळ्या भिंतींचीं घरें, फ्रेंच नांवांच्या पाट्या. कडलूरास बाजाराची गर्दी, आणि जवळच देवनामपट्टणम् येथें एका किल्ल्याचे थोडेसे पडके अवशेष. फ्रेंचांस सौंदर्यदृष्टि होती, इंग्रजांस नव्हती, असा निष्कर्ष पुष्कळजण काढतात. इतिहास निराळेंच सांगतो.

हा सेंट डेव्हिडचा किल्ला इंग्रजांनीं जिंकून घेतला नाहीं. तो त्यांस मराठ्यांनीं विकला. इ. स. १६७७ मध्यें शिवाजीमहाराजांनीं जिंजी घेतली. पुढें राजाराममहाराज जिंजीस असतां १६९० सालीं इंग्रज कंपनीनें हा किल्ला विकत घेतला. तोफेचा गोळा पोंचेल तेथपर्यंतची जमीनहि सौद्यांत होती. इंग्रजांनीं तोफ डागली, आणि कडलूरसुद्धां भोंवतालचीं गांवें आपल्या पदरांत पाडून घेतलीं. तीं तोफगोळ्याचीं गांवें म्हणूनच पुढें ओळखलीं गेलीं. मोगलांशीं प्राणपणानें झुंजणाऱ्या राज्यास पैका हवा होता; तेव्हां घरीं बसून राजाराममहाराजांस दोष देणें योग्य नव्हे. तथापि त्या किनाऱ्याचें मोल विकणाऱ्यापेक्षां गिऱ्हाइकास अधिक कळलें होतें, हें मनास लागल्यावांचून राहत नाहीं.

शेजारीं पाँडिचेरीस फ्रान्स्वा मार्तेंनें १६७४ पासून फ्रेंचांची वखार वाढविली होती. दोन शेजाऱ्यांचें वैर १७४६ मध्यें पेटलें. फ्रेंचांनीं मद्रास घेतलें, तेव्हां इंग्रजांचा कारभार सेंट डेव्हिडच्या किल्ल्यांतून चालूं लागला. डूप्लेनें त्यावर वारंवार चाल केली, परंतु यश आलें नाहीं. अखेर १७५८ सालीं लालीनें तो किल्ला घेऊन जमीनदोस्त केला. तीन वर्षांच्या आंत त्याचा सूड उगवला गेला : जानेवारी १७६१ मध्यें पाँडिचेरी शरण आली, आणि इंग्रजांनीं तिचे कोट व इमारती पाडल्या.

म्हणजे दोन्ही ठिकाणें सारखींच उध्वस्त झालीं. मग एक पुन्हां नटलें व दुसरें मागें कां पडलें? इंग्रजांस मद्रास परत मिळालें होतें. मोडका किल्ला उभारण्याचें त्यांस कारण उरलें नाहीं. फ्रेंचांचें साम्राज्याचें स्वप्न मात्र भंगलें होतें. १७६३ च्या तहानें जें थोडें परत मिळालें त्यांत पाँडिचेरी हीच त्यांची राजधानी. म्हणून १७६५ पासून त्यांनीं ती नव्यानें बांधली. तिचा डौल हें विजयाचें नव्हे, पराभवाचें फळ आहे. त्या डौलांतहि एक कालवा होता, व त्याच्या एका बाजूस गोरे आणि दुसऱ्या बाजूस तमिळ लोक राहत, हें रंगीत भिंती पाहतांना विसरूं नये.

तरीहि शेजारचें हें परकें राज्य आपल्या लोकांस एकदां उपयोगीं पडलें. ब्रिटिश सरकारच्या रोषामुळें कवि सुब्रह्मण्य भारती १९०८ सालीं पाँडिचेरीस गेले व तेथें दहा वर्षें राहिले. नोव्हेंबर १९१८ मध्यें त्यांनीं ती हद्द ओलांडली, तोंच त्यांस अटक होऊन कडलूरच्या तुरुंगांत ठेवण्यांत आलें. जी हद्द दोन परक्यांनीं आपापल्या लोभानें आंखली, तिच्या एका अंगास कवि मोकळा व दुसऱ्या अंगास कैदी! १९५४ मध्यें पाँडिचेरीचा कारभार भारताकडे आला, आणि १९६२ सालीं तें हस्तांतर कायद्यानें पुरें झालें.

आज त्या वाटेनें कोणीहि निर्धास्त जावें. वाचकांपैकीं कोणी पाँडिचेरीस गेलेच, तर त्यांनीं एक सकाळ कडलूरास द्यावी. तेथें पाहण्यासारखें फारसें नाहीं हें खरें. परंतु आठवण्यासारखें जें आहे त्यांत आपलाहि वांटा आहे.