मुक्काम देवास

इंदूरच्या विजयनगरातून आग्रा-मुंबई रस्त्याने निघाले, की तासाभराच्या आत देवासची टेकडी दिसू लागते. वर चामुंडामातेचे देऊळ आणि पायथ्याशी ‘भानुकुल’ नावाचे घर. हे पंडित कुमार गंधर्वांचे घर. नवे संगीत कोठे व कसे जन्मास येते, असा प्रश्न कोणी केला, की मला प्रथम हेच गाव आठवते.

संगीतरचनाकाराला काही काळ निवारा द्यावा, त्याला पोटापाण्याच्या विवंचनेतून मोकळे करावे, ही कल्पना जगाला नवी नाही. फ्रान्समध्ये १८०३ पासून संगीतस्पर्धेतील विजेत्यास सरकारी खर्चाने रोम येथे राहावयास पाठवीत. बर्लिओझला हा मान १८३० मध्ये मिळाला, देबुसीला १८८४ मध्ये. अमेरिकेत पीटरबरो या गावी १९०७ मध्ये मॅकडॉवेल दांपत्याने कलावंतांसाठी वसाहत उभारली. तेथे रानात विखुरलेल्या कुटीच्या दाराशी दुपारच्या जेवणाची टोपली ठेवून जाण्याची रीत पडली. हेतू एवढाच, की काम करणाऱ्याची तंद्री मोडू नये. मात्र चार भिंती आणि भोजन म्हणजे सर्वस्व नव्हे. देबुसी रोमच्या त्या प्रासादात मुळीच रमला नाही. मग निवासातून कलावंताला नेमके मिळते तरी काय?

आपल्याकडे हे कार्य संस्थानांनी केले. कोल्हापूरला शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय दिला. देवासला रजब अली खाँसाहेब राहिले. परंतु १९४८ च्या प्रारंभी संस्थानांचे दिवस सरत आले होते. त्याच वर्षी ३० जानेवारीला कुमार गंधर्व देवासला आले, ते राजाचे गवई म्हणून नव्हे, तर क्षयाचे रोगी म्हणून. बालपणीच देशभर कीर्ती मिळवलेल्या आणि मुंबईत प्राध्यापक बी. आर. देवधरांकडे शिकलेल्या या गायकाचे वय तेव्हा चोवीसही पुरे नव्हते. माळव्याची कोरडी हवा मानवेल, अशी आशा होती. गाणे मात्र वर्ज्य!

गळा बंद झाला. कान उघडे राहिले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानी माळव्यातील बायकांची गाणी पडत, नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने पडत. चार-पाच स्वरांच्या त्या धुनांत रागाचे बीज आहे, हे त्यांनी ओळखले. त्यांनी त्या धुना टिपून घेतल्या, आणि त्यांतून मालवती, लगनगंधार, संजारी असे ‘धुनउगम’ राग सिद्ध झाले. स्ट्रेप्टोमायसिन या तेव्हाच्या नव्या औषधाने गुण आला, आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले. १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ हा त्यांचा रचनासंग्रह प्रसिद्ध झाला.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. आजार हे वरदान नव्हते, आणि ही वर्षे फुकट मिळाली नव्हती. त्यांची किंमत भानुमतीबाईंनी चुकवली. स्वतः गायिका असलेल्या या बाईंनी शाळेत शिक्षिकेची नोकरी धरून संसार व शुश्रूषा दोन्ही सांभाळली. १९६१ मध्ये त्या निवर्तल्या. पीटरबरोला दाराशी टोपली ठेवणारे हात होते. देवासला ते हात भानुमतीबाईंचे होते. शिवाय इंदूरला रामूभैया दाते, राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर यांच्यासारखे जाणते स्नेही होते.

तेव्हा निवासातून कलावंताला तीन गोष्टी मिळतात: रोज गाऊन दाखवण्याच्या सक्तीतून सुटका, कानावर नवे काही घालणारा परिसर, आणि त्याचा भार निमूटपणे वाहणारे कोणीतरी. पहिल्या दोन गोष्टी नशिबानेही लाभतात. तिसरी मात्र माणसांनाच द्यावी लागते. शांतपणे ऐकण्यासाठी रचनाकाराला क्षयाने आडवे पडावे लागू नये, हे पाहणे समाजाचे काम आहे. एखाद्या संस्थेने, एखाद्या सुखवस्तू घराने वर्षातील चार महिने एक खोली आणि दोन वेळचे जेवण द्यावे, आणि ‘या अवधीत काय केलेत?’ असे मात्र विचारू नये. बीज रुजत असताना माती उकरून पाहायची नसते, हे माळव्याच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.