चोरांना लावलेला चुना

मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून केलेलं निळसर पांढरं पाणी म्हणजे बोर्डो. तासगाव-निफाडचे द्राक्षबागायतदार ते डावणी रोगावर मारतात, कोकण-गोव्यातले बागायतदार पावसाच्या तोंडावर पोफळीच्या घोसांवर. फ्रान्समधल्या बोर्दो शहरावरून नाव पडलं आणि तिथले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांनी १८८५ साली त्याची कृती छापली, इतपत माहिती शेतीच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळते. पण हे पाणी पहिल्यांदा वेलींवर शिंपडलं गेलं तेव्हा रोग कुणाच्या डोक्यातही नव्हता. डोक्यात होते द्राक्षचोर.

झालं ते असं. फिलॉक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीनं फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या. त्यावर तोड म्हणून अमेरिकेतून काटक वेली आणल्या. त्या आयातीच्या वाटेनंच डावणी आली असं मानतात. १८७८ साली ती फ्रान्समध्ये पहिल्यांदा नोंदली गेली. अमेरिकी खुंटांचा जोरदार पुरस्कार करणाऱ्यांत मिलार्देही होते, म्हणजे घरात घेतलेल्या पाहुण्याचं दुखणं निस्तरायची पाळी त्यांच्यावरही आली.

१८८२च्या ऑक्टोबर अखेरीस ते मेदोक भागातल्या सँ-ज्युलियाँ गावच्या बागांतून चालले होते. डावणीनं बहुतेक वेलींची पानं झडून गेली होती. फक्त रस्त्याकडेच्या ओळी हिरव्या होत्या आणि त्या पानांवर निळसर पांढरा थर होता. चौकशी केल्यावर कारभारी एर्नेस्त दाव्हिद यांच्याकडून उलगडा झाला: येणारेजाणारे घड तोडतात, म्हणून कडेच्या वेलींवर जंगाल (तांब्याचा गंज) किंवा मोरचूद चुन्यात कालवून शिंपडायची या भागाची रीतच आहे. घड विषारी दिसले की हात मागे जातो. पुढे दाव्हिद यांच्याच देखरेखीखाली दोझाकच्या बागेत प्रयोग झाले, रसायनशास्त्रज्ञ गायों मदतीला आले आणि कृती ठरली: १०० लिटर पाण्यात ८ किलो मोरचूद, ३० लिटर पाण्यात १५ किलो कळीचा चुना, दोन्ही एकत्र करून छोट्या झाडूनं वेलींवर शिंपडायचं.

या कथेवर शंका घेणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा मुद्दा लेचापेचा नाही. मोरचुदातलं तांबं बुरशीला मारतं हे कळायला चोरांची गरजच काय होती? १८०७ सालीच मोंतोबाँच्या बेनेदिक्त प्रेव्हो यांनी गव्हाच्या काणीवर निबंध लिहून रोगाचं मूळ सूक्ष्म बीजाणूंत आहे हे दाखवलं होतं. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यात हे बीजाणू रुजत नाहीत, हेही त्यांनी टिपलं होतं. मोठ्या विद्वानांनी त्यांचं ऐकलं नाही, पण फ्रेंच शेतकरी पेरणीआधी गहू मोरचुदाच्या पाण्यात भिजवू लागले. १८४६च्या सुमारास वेल्समधल्या स्वॉन्सी इथं, तांबं गाळण्याच्या भट्ट्यांजवळचे बटाटे करप्यातून वाचल्याची नोंद आहे. शेजारच्या आयर्लंडमध्ये त्याच करप्यानं माणसं उपाशी मरत होती आणि भट्टीच्या धुराचा अर्थ कुणी लावला नाही. बरगंडीत वेलींना आधार देणाऱ्या खुंट्या कुजू नयेत म्हणून मोरचुदात बुडवत. त्या खुंट्यांलगतची पानं डावणीतून वाचतात, हे १८८४ साली तिथल्या लोकांच्या लक्षात आलं. खुद्द मिलार्देंच्या विहिरीचं पाणी जुन्या तांब्याच्या पंपातून येई आणि त्या पाण्यात डावणीचे बीजाणू रुजायलाच तयार नसत.

म्हणजे तांबं चार ठिकाणी, चार वेळा ओरडून सांगत होतं. मग चोरांचं श्रेय काय?

माझं उत्तर: चुना. नुसतं मोरचुदाचं पाणी कोवळ्या पानावर मारलं तर पान करपतं आणि पहिल्या पावसात सगळं धुऊन जातं. चुना घातला की त्या पाण्यातला आम्लपणा जातो, न विरघळणारं निळं तांबं तयार होतं, ते पानाला चिकटून बसतं आणि दवात-पावसात थोडंथोडं सुटत राहतं. प्रेव्होंच्या भांड्यात हे नव्हतं, स्वॉन्सीच्या धुरात नव्हतं, बरगंडीच्या खुंट्यांवरही नव्हतं. चोराला लांबून दिसावं आणि आठवडाभर टिकावं एवढ्यासाठी जो चुना पडला, त्यानंच विषाचं औषध केलं.

यावर एक प्रतिदावा आहे: मोरचुदात भिजवलेल्या गव्हाला चुन्यात घोळवून कोरडं करायची पद्धत फ्रान्समध्ये आधीपासून होतीच, तेव्हा जोडी जुनीच. मला त्यात प्रतिदाव्यापेक्षा पुरावाच दिसतो. ज्या घरात बियाण्यासाठी मोरचूद आणि चुना शेजारीशेजारी पडलेले, त्याच घरातल्या कुण्या वैतागलेल्या राखणदारानं उरलंसुरलं कालवून वेलींवर फेकलं असणार. त्याचं नाव कुठल्या कागदावर नाही, पण इतका स्वस्त आणि इतका खवट उपाय प्राध्यापकाला सुचत नाही. एकटा चुनाही मात्र पुरला नाही: मिलार्देंच्याच काळात इटलीत नुसत्या चुन्याच्या निवळीवर भिस्त ठेवणारे होते. ती बाजू लवकरच मागे पडली.

मिलार्देंचा मोठेपणा वेगळ्या जागी आहे. डावणीचा बीजाणू पानावरच्या पाण्याच्या थेंबात पोहतो आणि पर्णरंध्रातून आत शिरतो. एकदा शिरला की तांबं त्याचं काही करू शकत नाही, आणि पानावर तेलकट डाग दिसेपर्यंत तो शिरून दिवस झालेले असतात. म्हणून फवारा आधी हवा, हे त्यांनी ओळखलं. राखणदाराचं शिंपण नेमकं आधीचंच होतं, कारण चोरही आधीच अडवावा लागतो.

भारतातला धागा दक्षिणेतून येतो. म्हैसूर संस्थानातले कॅनेडियन शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी १९१० साली सुपारीच्या कोळेरोगाचा जंतू ओळखून त्यावर बोर्डो लागू केलं. त्याआधी पोफळीचे घोस पावसाळ्यापूर्वी झाकून ठेवत. तेही काम आधीचंच, फक्त कष्टाचं. आपल्याकडच्या द्राक्षांत आता पावसाचा आणि पानावरच्या ओलीचा अंदाज बघून फवारणी ठरते, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे सल्ले त्यासाठीच असतात.

तांब्याची एक खोड मिलार्देंच्या काळात कुणी मोजली नव्हती: ते जमिनीत साठत जातं. युरोपीय संघानं म्हणून हेक्टरी सात वर्षांत २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. आपल्याकडे बोर्डोची शिफारस एक टक्क्याची, म्हणजे १०० लिटर पाण्यात मोरचूद आणि चुना एकेक किलो. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपात कालवा, लोखंडी भांडं वापरू नका. मिश्रणात स्वच्छ विळा बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, तो थर येईनासा होईपर्यंत निवळी घाला आणि त्याच दिवशी फवारून संपवा.